वाटीखालची दोरी

एक्स-रेच्या चित्रात हाड दिसतं, हाडाला बांधणारी दोरी दिसत नाही. मेडिकल कॉलेजच्या चौथ्या वर्षातले पाच महिने मी या एकाच अडचणीपाशी घालवले, आणि ते माझे फार सुखाचे महिने होते.

एक्स-रे विभागातले आमचे सर शरीररचनेच्या विभागाबरोबर गुडघ्यावर काम करत होते. विच्छेदनाच्या टेबलावरच्या गुडघ्याची कातडी आणि चरबी काढून आम्ही एकेक अस्थिबंध मोकळा करायचो. त्याच्या लांबीवर शिशाची केसाएवढी बारीक तार सुताचे टाके घालून बसवायचो आणि मग त्या गुडघ्याचा फोटो घ्यायचो. तार चित्रात पांढरी उमटायची. तार जिथून जिथे जाते तिथून तिथे ती दोरी जाते, असं मग समजायचं. बाजूच्या दोन, आत एकमेकींना छेदणाऱ्या दोन, आणि पुढची, वाटीपासून नडगीपर्यंत उतरणारी जाड पट्टी. पुस्तक तिला अस्थिबंध म्हणतं, पण खरं तर ती मांडीच्या मोठ्या स्नायूचीच खाली आलेली कंडरा आहे. मी तिला मनात वाटीखालची दोरी म्हणायचे.

बरोबरच्या मुलांना हे काम नको होतं. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे, एका तारेला अख्खी दुपार जायची आणि परीक्षेत त्यातलं काही येणार नव्हतं. मला ते काम हवं होतं, कारण तिथे बोलावं लागत नव्हतं.

मी कमी बोलते याचं नागपूरच्या वर्गात एक कारण सांगत आणि पांढुर्ण्याला दुसरं. वर्गात म्हणत, इंग्रजी शाळेतली आहे, शिष्ट आहे. पांढुर्ण्याचे माझे मामा म्हणत, "इंग्रजी शाळेत घातली अन् पोट्टीची जीभच काढून घेतली." दोन्ही थोडं थोडं खरं होतं. माझे बाबा सौसरला शिक्षक. त्यांनी मला आठव्या वर्षी नागपूरला परदेशी मिशनरी बायांच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं. सुटीत मी आजोळी जायचे तेव्हा तिथली बोली मला सगळी समजायची, पण मी बोलायला लागले की ती पुस्तकातली मराठी निघायची आणि मामेभावंडं हसायची. मग मी बघत बसायला शिकले. या कामात त्याचा उपयोग झाला.

जिवंत माणसाच्या गुडघ्यात तार शिवता येत नाही. त्यासाठी सरांनी मला वेगळं शिकवलं. किरण थोडा मऊ, म्हणजे कमी जोराचा ठेवायचा, माणसाला कुशीवर निजवून गुडघा जरासा वाकवायचा आणि बाजूने फोटो घ्यायचा. वाटीखाली, दोरीच्या मागे चरबीची एक उशी असते, ती चित्रात काळपट येते. त्या काळपट उशीच्या कडेला वाटीखालची दोरी राखाडी पट्टीसारखी दिसते. प्रथम मला काहीच दिसत नसे. तीन आठवड्यांनी दिसायला लागली, आणि एकदा दिसल्यावर मग न दिसणं शक्यच नव्हतं. विभागात सुकत टांगलेल्या गुडघ्यांच्या जुन्यानव्या फोटोंवर मी ट्रेसिंग पेपर ठेवून कडा काढायचे आणि कंपासने मोजायचे. बहुतेकांची दोरी वाटीच्या उंचीएवढीच लांब निघायची. आणि एकाच माणसाचे दोन गुडघे एकावर एक ठेवले तर रेघा जवळजवळ जुळायच्या. सर म्हणाले होते, "याच्याइतकी चांगली मोजपट्टी दुसरी नाही. माणसाचा दुसरा पाय."

त्या वर्षी, १९५६ साली, या कामामुळे मी पोळ्याला घरी गेले नाही. राज्यं नव्याने आखली जाणार आणि नागपूर मुंबई राज्याकडे जाणार, हे तोवर पक्कं झालं होतं. आमचं पांढुर्णा आणि सौसर मात्र मध्य प्रदेशातच राहणार होतं. बाबांनी पत्रात लिहिलं होतं, तू परक्या राज्यात शिकणार आता.

पोळ्यानंतर अकराव्या दिवशी मामा हॉस्पिटलात आले. त्यांच्या खांद्यावर हात टाकून, उजवा पाय ओढत त्यांचा मोठा मुलगा आला. त्याला मी दादा म्हणते, माझ्यापेक्षा तो दोन वर्षांनी मोठा. मामांच्या काखेत तपकिरी पाकीट होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दोन्हीकडून गोटे चालतात. गोट्यांतून वाट काढत जाऊन पांढुर्ण्याच्या लोकांनी झाड तोडायचं आणि देवीच्या देवळात न्यायचं. ज्याला गोटा लागतो त्याला नंतर वर्षभर मान असतो. मामांच्या भुवईत जुनी खूण आहे, ती ते कधी केसांनी झाकत नाहीत.

"गुडघ्यावर गोटा लागला याले," मामा मला म्हणाले. "झाडाच्या अगदी जवळ गेला होता, कुऱ्हाड घेऊन. म्या तं बाजारात सगळ्याईले सांगतलं, का पोट्ट्यानं गोटा झेलला. देवीचा अंगारा लावला. मोहगावच्या वैद्यानं हळद बांधली, दाबून पाहिलं. सूज उतरली, पण पाय काही चालत नाई. मंग इथं शहरात एका खाजगी दवाखान्यात फोटू काढला. तो डॉक्टर म्हणते, काहीच नाई झालं."

पाकिटातला फोटो मी खिडकीशी धरला. समोरून घेतलेला एकच फोटो होता. हाडं स्वच्छ, कुठे चीर नाही. बाह्यरुग्ण विभागात ज्या डॉक्टरांनी दादाला तपासलं त्यांनीही तोच फोटो पाहिला आणि विश्रांती सांगितली.

"पाहा," मामा दादाकडे बघत म्हणाले. "हाड साबूत हाये. गोटा लागला अन् हाड साबूत, मंग दुखून काय राहिलं? संत्र्याची तोड तोंडावर आली, कापूस फुटून राहिला, अन् हे साहेब खाटेवर. नाटक करून राहिला बाई हा. दुपारच्या गाडीनं घेऊन जातो मी याले."

दादा बाकावर बसला तेव्हा त्याने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला, दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा. मी ते पाहिलं. त्याच्या धोतराचा काठ वर सरकला होता. डावीकडे वाटीखाली जिथे उंचवटा असतो, तिथे उजवीकडे खळगा होता.

मला त्या क्षणी जवळजवळ सगळं कळलं होतं. पण मी एक विद्यार्थिनी, समोर मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि वर मामा. वर्गात मी आपणहून कधी हात वर केला नव्हता. त्या दिवशी मी मामांना म्हणाले, "दुपारच्या गाडीला वेळ आहे. मला एक फोटो काढू द्या," आणि सरांच्या खोलीत जाऊन सरांना तेच सांगितलं. सर कागदातून मान वर न करता म्हणाले, "दोन्ही गुडघ्यांचा काढ. पोझिशन तूच दे."

एक्स-रेच्या खोलीत मी आणि दादा दोघंच होतो. मी त्याला कुशीवर वळवलं, गुडघ्याखाली वाळूची पिशवी सरकवली, कोन नीट लावला. इतक्या जवळून पाहिल्यावर मी म्हणाले, "दादा, कातडीवर खूण नाही."

"कोणती खूण?"

"गोट्याची. दहा दिवसांत काळंनिळं एवढं पुसलं जात नाही. आणि खरचटलेलंही नाही."

"तू लहानपणापासून अशीच हाये," तो म्हणाला. "बोलत काई नाई, नुसती पाहून राहते."

चित्रात उजवा-डावा कळावा म्हणून मी शिशाचं अक्षर चिकटवलं, उजव्याला उजव्याचं. मला घाई नव्हती.

"घसरलो मी," तो म्हणाला. "झाड दोन हातावर होतं. शेवाळावर पाय गेला. पडू नये म्हणून जोर लावला, अन् गुडघा वाकला, सगळा भार त्याच्यावर आला. अंदरून टप् आवाज आला, सुतळी तुटते तसा. बसलो मी पाण्यात, कुऱ्हाडीसकट. समोर अख्खं सावरगाव उभं. एकजण म्हणते, पाहा बे, झाड तोडाले आला अन् पाय धुवाले बसला."

"मग गोटा?"

"आपल्या लोकाईनं उचलून आणलं तेव्हा कोणीतरी म्हणलं, गोटा लागला याले. म्या नाई म्हणलंच नाई." तो म्हणाला, "बाबानं बाजारात सांगून टाकलं होतं. तू कोणाले सांगू नको, बाई."

"नाही सांगणार," मी म्हणाले. "आता हलू नकोस."

फोटो धुवून, ओलाच मी दिव्याच्या पेटीवर लावला. उजवी वाटी आपल्या जागेवरून वर निघून गेली होती. समोरून घेतलेल्या फोटोत ती मांडीच्या हाडावरच उमटते, म्हणून वर गेल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खालची राखाडी पट्टी नडगीकडून सरळ वर येत होती आणि मध्येच सैल पडून विस्कटली होती. मी डाव्या गुडघ्याची रेघ कागदावर काढली, ती उलटवून उजव्यावर ठेवली. नडगी जुळली, मांडी जुळली. वाटी दोन बोटं वर.

सर येऊन शेजारी उभे राहिले. "काय दिसतं तुला?"

मी इंग्रजीत सांगितलं, कारण शरीराबद्दल मला इंग्रजीतच नीट बोलता येतं. वाटीखालची कंडरा तुटली आहे, हाडाचा तुकडा निघालेला नाही, थेट मार लागल्याचं चिन्ह नाही, तुटली ती स्नायूच्या ओढीने. एका दमात एवढं मी कोणापुढेही बोलले नव्हते. सरांनी कागद हातात घेतला, पुन्हा ठेवून पाहिला आणि शस्त्रक्रिया विभागातल्या सर्जनना बोलावणं धाडलं.

सर्जननी दादाला उताणा निजवून पाय सरळ उचलायला सांगितलं. मांडीचा स्नायू घट्ट झाला, वाटी वर सरकली, टाच खाटेवरच राहिली. त्यांनी खळग्यात बोट घातलं आणि मान हलवली. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "दहा दिवस गेलेत. आणखी दोनतीन आठवडे गेले तर स्नायू आखडून बसेल, टोकं जुळायची नाहीत. मग पाय जन्मभर असाच. उद्या टाके घालता येतील. तुमच्या मामांना समजवा."

मामा व्हरांड्यात पिशवी भरून तयार होते.

"चिरफाड नाई," ते ऐकून झाल्यावर म्हणाले. "धडधाकट हाडाच्या पायात चाकू कायले घालता? वैद्य म्हणते, महिनाभर तेल चोळा."

"मामा, तुटलंय ते हाड नाही."

"हाड नाई तं मंग काय?"

इथे माझी मराठी संपली. कंडरा म्हणावं तर त्यांना समजणार नाही, आणि त्यांच्या बोलीत म्हणायला जावं तर ते हसतील. मी फोटो खिडकीच्या काचेवर धरला, त्यावर ट्रेसिंगचा कागद धरला आणि मला मामांची विहीर आठवली, बागेला पाणी देणारी.

"तुमची मोट," मी म्हणाले. "बैल नाडा ओढतात, नाडा चाकावरून जातो, खाली मोट असते. ही मांडी म्हणजे बैल. ही वाटी म्हणजे चाकावरची गाठ समजा. आणि ही खालची दोरी, ही मोटेला बांधलेली. ती इथे तुटली आहे. बैल ओढतात, गाठ वर जाते, मोट तळाशीच राहते."

मामा हसले नाहीत. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः काचेवर धरला, सरकवून पाहिला. मग बाकाशी जाऊन दादाच्या आधी डाव्या आणि मग उजव्या वाटीखाली अंगठा दाबला. उजवीकडे अंगठा आत गेला.

"बराबर," ते हळू म्हणाले. "इथं पोकळ हाये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण नाडा असा तुटत नाई, बाई. माझी उमर गेली मोट चालवण्यात. नाडा गोटा मारून तुटत नाई. मोट कपारीत अटकली अन् बैलं चालतच राहिली, का मंग तुटते. याच्या पायाले कोणती कपार आली?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता. खाजगी दवाखान्यात कोणी तो विचारला नव्हता. याचं उत्तर मला माहीत होतं आणि मी ते द्यायचं नाही असं कबूल केलं होतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मला वाटलं की माझ्या या गप्प बसण्यानेच पाय जाणार. दुपारच्या गाडीला तासभर उरला होता. एक विचार असाही आला की सांगून टाकावं, पाय जाण्यापेक्षा बरं. मी तोंड उघडलंही.

"गोटा लागलाच नाई, बाबा," बाकावरून दादा म्हणाला. "शेवाळावर घसरलो मी. पाय आवरून धरला, तेव्हा तुटलं."

मामा त्याच्याकडे वळले.

"सावरगाववाल्याईनं पाहिलं?"

"सगळ्याईनं."

"हासले?"

"हासले."

"म्हणजे नदीच्या त्या आंगाले सगळ्याईले मालूम, अन् इकडे मीच बाजारात पेढे वाटल्यासारखा सांगत फिरून राहिलो." ते खाली बसले, दादाच्या शेजारीच. मग मला विचारलं, "तुले मालूम होतं?"

मी फोटो पाकिटात घालू लागले.

"हे पण सांगत नाई," ते दादाला म्हणाले. "कोणाच्या पोटातलं काई बाहेर निघत नाई या खानदानात. चाल, कागद आण. कुठं सही पाह्यजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जननी टाके घातले. मला आत उभं राहू दिलं. दोरीची दोन टोकं भिजलेल्या सुंभासारखी पिंजली होती. मी इतक्या गुडघ्यांवर तार शिवली होती, पण जिवंत माणसात ती दोरी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती चित्रात दिसली होती अगदी तिथेच तुटलेली होती. सर्जननी मांडीतल्या पातळ पडद्याची पट्टी काढून आधाराला विणली, टोकं जुळवली आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. "उचलता येईल का, ते प्लास्टर निघाल्यावर कळेल," ते म्हणाले. "तोवर मी काही कबूल करत नाही."

पुढचे सात आठवडे दादा वॉर्डात होता. मामा दर आठवड्याला यायचे. पुढे पुढे पिशवीत पहिली संत्री असायची, अजून एका बाजूने हिरवी. सगळ्या वॉर्डात त्या दिवसांत एकच बोलणं होतं, कोण कुठे जाणार. कचेऱ्यांची कपाटं नव्या राजधानीला, भोपाळला हलत होती. शेजारच्या खाटेवरचे कारकून मामांना विचारायचे, तुम्ही आता भोपाळवाले का? मामा म्हणायचे, "आमची गाडी तीच. इकडून चढलो तं नागपूर, तिकडून चढलो तं भोपाळ. जमिनीचा कागद तिकडं जाईन अन् पोट्ट्याचा पाय इकडं. तुमीच सांगा, म्या कोणत्या आंगाले तोंड करून बसू?" बाबा एकदा भेटायला आले आणि सौसरची मराठी शाळा मराठी राहील का, याचीच काळजी करत बसले. दिवाळी आणि नवं राज्य त्या वर्षी एकदमच आले. मामीने पाठवलेल्या करंज्या वॉर्डात दोन राज्यांच्या लोकांनी मिळून खाल्ल्या.

त्यानंतर आठवड्याच्या आत प्लास्टर कापलं. आतला पाय बारीक आणि पांढुरका झाला होता, कातडीचे पापुद्रे निघत होते. मामा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. सर्जन, सर आणि मी एका बाजूला. सर्जन म्हणाले, "गुडघा वाकवू नको. सरळच उचल."

मांडीत काही हललं नाही. दादाने डोळे मिटले. मी त्याच्या वाटीकडे बघत होते. ती जराशी वर ओढली गेली आणि थांबली. या वेळी एकटी निघून गेली नाही, खालून कुणी धरल्यासारखी थांबली. मला तेव्हाच खात्री झाली, पण बोलायचं काही कारण नव्हतं.

मग टाच उचलली गेली. चादरीपासून फार वर नाही, आणि पाय थरथरत होता. मामांनी पुढे होऊन आपला तळहात टाच आणि चादर यांच्या मधे सरकवला. टाचेला हात लागू न देता तो आत बाहेर केला, एकदा, दोनदा.

"हाये जागा," ते म्हणाले. "हात जाते."

"ठेव खाली," सर्जन दादाला म्हणाले. "परत उचल."

त्याने परत उचलली. मी चाकाची खुर्ची आणायला गेले. दोन्ही गुडघ्यांचा बाजूने फोटो घ्यायचा होता, आणि तो मीच घेणार होते.